मार्कर म्हणायचं नाही

नाही म्हणजे नाही! — वही मिळायची नाही, हयवदनराव, तुम्ही दहादा विचारा, मी अकराव्यांदा तेच सांगणार. आणि ते पत्र आधी उचला तिथून. ‘श्री. संताजीराव यांस सप्रेम नमस्कार’ — सप्रेम! आठ वर्षं ह्यांचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही आणि आज रविवारच्या समारंभाचं आमंत्रण, प्रेमाचा उमाळा? खाली सही कुणाची आहे, वाचा की मोठ्यानं. विश्वासराव, वकील, अध्यक्ष, टेनिस प्रशिक्षक संघ, बेंगळूर. अध्यक्ष! ज्या संघाची पहिली सभा माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत झाली, अकरा माणसं माझ्या चटईवर गुडघ्याला गुडघा लावून बसली होती, त्या संघाचा अध्यक्ष कोण, तर ज्यानं जन्मात कधी कोर्टावर रोलर ओढला नाही तो. — बसा, बसा, उठू नका. तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही सांगितल्या कामाला आलात. अठ्ठावन्न साली तुम्ही हाफ पँटीत असाल. — सतरा वर्षांचे होता? सरी, मग नसाल हाफ पँटीत. कॉफी घ्या. ह्यांना यायला अजून वेळ आहे, शाळेच्या कोर्टावर दहापर्यंत मुलं असतात, मग सायकलनं हलसूरपर्यंत यायचं.

तुमच्या खिशावर काय विणलंय ते? कोच. छान दिसतं. कोच म्हणूनच नोकरीला लागलात ना तुम्ही, पहिल्या दिवसापासून? मार्कर म्हणजे काय ते ठाऊक तरी आहे का तुम्हाला? मी सांगते. मी मार्करची बायको. पहाटे पाचला उठून कोर्टावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, जाळी बांधायची — हे सगळं मार्करनं. मग साहेब लोक येणार, त्यांच्याशी खेळायचं, पण असं खेळायचं की साहेब जिंकला पाहिजे आणि आपण मुद्दाम हरलो हे त्याला कळता कामा नये. समजलं? हरणं हीसुद्धा कसबाची गोष्ट होती. मग त्यांच्या मुलांना शिकवायचं, त्यांच्या बायकांना शिकवायचं, रॅकेटच्या तुटलेल्या तारा ओवायच्या. आणि हाक काय? — “मार्कर!” बस्स. नाव नाही. लँगफर्ड जिमखान्यात आमच्या ह्यांनी वीस वर्षं काढली, वीस, आणि सेक्रेटरी मेजरसाहेबांना ह्यांचं नाव ठाऊक नव्हतं. खोटं नाही सांगत. कॉफी द्यायची ती काचेच्या वेगळ्या ग्लासात, कुंपणाच्या खांबावर ठेवून. हातात नाही द्यायची. आमच्या घराण्यातले लोक तीनशे वर्षांपूर्वी ह्या गावात घोड्यावरून आले म्हणे — माझे सासरे नेहमी सांगायचे — आणि त्यांचा वंशज खांबावरचा ग्लास उचलून कॉफी पितो. पण हे काही बोलायचे नाहीत. मीच बोलायची. मी घरात चिडायची आणि हे म्हणायचे, सगुणा, चेंडू बघावा, लोकांची तोंडं बघू नयेत.

मग वसुमतीचं झालं. एका मेंबरची मुलगी, नऊ वर्षांची असल्यापासून ह्यांच्या हाताखाली. सहा वर्षं शिकवलं ह्यांनी तिला. उन्हात, धुळीत, तिचा बॅकहँड दुखऱ्या दातासारखा होता — हे त्यांचंच बोलणं हं, माझं नाही — सहा वर्षं तो दात ह्यांनी जपून जपून बरा केला. सत्तावन्न सालच्या डिसेंबरात ती मुलगी राज्यात पहिली आली. बक्षीस समारंभ आमच्याच जिमखान्यात. फोटोवाला आला. आणि ती पोरगी — भली पोरगी हो — कप हातात घेऊन वरून हाक मारते, “मास्टर, या ना, तुम्ही पण फोटोत या!” हे गेले. मी मागे क्वार्टर्सच्या दारातून बघत होते. हे तीन पायऱ्या चढले, आणि मेजरसाहेबांनी — हसत हो, शिवी नाही, आवाज नाही — हसत हसत ह्यांच्या छातीला काठीचं टोक लावलं आणि म्हणाले, मार्करनं पायरीखाली. सगळे हसले. हे उतरले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात कडेला ह्यांचं कोपर दिसतं. नुसतं कोपर! मी तो पेपर चुलीत घातला.

त्याच आठवड्यात देवाप्पा घरी आला. देवाप्पा म्हणजे आमच्याच क्लबातला दुसरा मार्कर, डावखुरा, ह्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मला अक्का म्हणायचा. त्याचं हसू रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. पण त्या दिवशी हसला नाही. म्हणाला, “अण्णा, गिरणीवाल्यांचा संघ आहे, टांगेवाल्यांचा आहे. आपला का नाही?” हे रॅकेटची तार ओवत होते. मग म्हणाले — मी ऐकलंय, ह्याच कानांनी — म्हणाले, “संघ करू. पण मागण्या नंतर. आधी नाव.” मला त्या क्षणी ह्या माणसाचा काय अभिमान वाटला सांगू! वीस वर्षं मी चिडत होते आणि हे गप्प होते, आणि शेवटी बोलले ते असं.

जानेवारीतला रविवार. दुपारची वेळ, साहेब लोक झोपतात तेव्हाच मार्करला सवड. पाच क्लबांतले अकरा जण आले. मी परातभर लिंबाचं चित्रान्न केलं होतं. लिहिणार कोण? अकरा जणांत धड लिहिता येणारा एक नाही, ह्यांना सही येते आणि स्कोअर मांडता येतो, तेवढंच. माझे वडील पलटणीत कारकून, त्यांनी मला पाचवीपर्यंत मराठी शिकवलेलं. तर मी उंबऱ्यापाशी बसून लिहिलं. माझ्या पोरीची, शालनची शाळेची वही, मागची कोरी पानं. — होय, तीच वही, दिल्लीला पुरावा म्हणून तुम्हाला हवी ती. तीच ती. पहिला ठराव काय, ठाऊक आहे? ‘आजपासून आपण एकमेकांना मार्कर म्हणायचं नाही.’ असंच्या असं लिहिलंय. मग देवाप्पा म्हणाला, प्रत्येकानं उठून आपलं पूर्ण नाव सांगायचं, अक्का लिहून घेईल. एक म्हातारा होता, कंटोन्मेंटातला, त्याला गोऱ्यांच्या काळापासून सगळे जॉर्ज म्हणायचे. तो उठला आणि त्याच्या तोंडून नावच फुटेना. उभा राहिला, ओठ हलतात, आवाज नाही. मग म्हणाला, मुनियप्पा. वडिलांचं नाव, गावाचं नाव. आणि बसून रडला. मोठी मोठी माणसं हो, डोळे पुसत होती. असा झाला तुमचा संघ, हयवदनराव! तुम्ही ज्याला रुपेरी पाट्या लावून, सभागृह घेऊन, दिल्लीची मान्यता मिळवायला निघालात, तो असा झाला. आणि तुमच्या त्या छापील पत्रकात काय लिहिलंय? ‘संघाची स्थापना विश्वासराव यांच्या निवासस्थानी.’ निवासस्थानी!

ते विश्वासराव मागाहून आले. मार्चात. ह्यांच्याकडे खेळायला शिकायचे, दुसऱ्या क्लबाचे मेंबर, पण आमच्या जिमखान्यात पाहुणे म्हणून येणं-जाणं. वकील. ह्यांनी विचारलं, साहेब, आमची नियमावली करून द्याल का. दिली करून. तेवढं खरं, फुकट करून दिली, रजिस्टरही करून दिला संघ. गोड बोलणं, हळू बोलणं. घरी आले तर चटईवर बसले. — हो, बसले. मी काय नाही म्हणते? बसले, चित्रान्न खाल्लं. मला ताई म्हणायचे. मला तो माणूस तेव्हा वाईट वाटला नव्हता. नंतर वाटायला लागला. चांगल्या माणसाचा राग जास्त येतो, तुम्हाला कळायचं नाही ते अजून.

संघानं पाचही क्लबांना पत्र दिलं. मागण्या केवढ्या? नावानं हाक मारा. बोर्डावर नाव लिहा. आजारी पडला तर नोकरीवरून काढू नका. उत्तर नाही. सहा महिने उत्तर नाही. तेव्हा दसऱ्याच्या टूर्नामेंटचा बेत ठरला. बाहेरगावचे खेळाडू येणार, मोठमोठे लोक येणार, आणि पहिल्या दिवशी सकाळी पाचही क्लबांत एकही माणूस कोर्टावर उतरायचा नाही. रेघा नाहीत, जाळ्या नाहीत. ह्यांचीच कल्पना. कोणाला सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही, अशी शपथ. पण मी लिहिणारी, मला कसं नाही सांगणार? त्या बाराजणांनाच ठाऊक होतं — अकरा आणि मी. आणि विश्वासराव, तेरावे.

चार दिवस आधी देवाप्पाला मेजरसाहेबांनी बोलावलं आणि काढून टाकलं. त्याच संध्याकाळी खोली रिकामी कर. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना एकेक करून आपापल्या क्लबांत बोलावलं, समोर माफीचा कागद, कर सही. केल्या सगळ्यांनी. मुनियप्पानंसुद्धा केली. दसऱ्याला रेघा सरळ होत्या आणि जाळ्या ताठ. संपलं. सांगितलं कुणी? कुणी सांगितलं मेजरसाहेबांना? हे तर वेडेच झाले. जेवण नाही, बोलणं नाही, येरझाऱ्या. तेरा माणसं — बारा गरीब, एक मोठा. मेजरसाहेबांबरोबर चहा घेणारा एकच. सांगायला काय लागतं? ह्यांनी मनात धरलं ते धरलं. आणि मीही म्हटलं, हो, तोच असणार. दुसरा कोण? तो वकील माणूस, दोन्हीकडून खाणारा. मेजरसाहेबांनी त्याला पुढारी कोण विचारलं असणार आणि त्यानं देवाप्पाचं नाव — तसंच तर विचारलं होतं, खुर्चीत मागं टेकून, हसत, “पुढारी कोण तेवढं सांग” —

काय? — मी काय म्हटलं? असंच विचारलं असणार, असं म्हटलं मी. — नाही, ‘विचारलं होतं’ नाही म्हटलं. तुम्ही ऐकण्यात चूक केलीत. — असं बघू नका माझ्याकडं. लहान आहात तुम्ही. अजून लग्न नाही झालं ना तुमचं? मूल नाही? मग असं बघू नका.

शालन अकरा वर्षांची होती. छातीत पाणी झालं होतं तिच्या. पाच महिने अंथरुणाला, ह्या मनगटाएवढी मांडी झाली होती पोरीची. जिमखान्याचे एक मेंबर डॉक्टर — देवमाणूस — रोज संध्याकाळी खेळून झालं की घामेजल्या शर्टानं आमच्या खोलीत येऊन तिला सुई टोचून जायचे. म्हणाले होते, मधे एक दिवस खंड नको, अजून दोन महिने. आणि हे म्हणतात, दसऱ्याला कोर्टावर उतरायचं नाही. उतरले नाहीत की नोकरी गेली. नोकरी गेली की क्वार्टर गेलं. क्वार्टर गेलं की मी त्या पोरीला घेऊन कुठं जाऊ, कुठल्या झाडाखाली, आणि कुठला डॉक्टर येणार तिथं? मी म्हटलं ह्यांना. एकदा नाही, चारदा म्हटलं. हे म्हणाले, “सगुणा, अकरा माणसांनी शपथ घेतलीय.” अकरा माणसांनी! आणि माझी एक पोरगी, ती मोजायची नाही? तुमचा ठराव, तुमचं नाव, तुमची पायरी — सगळं खरं, मीच लिहिलंय, मला तुमच्याहून जास्त कळतं — पण पोरगी मेली तर ते नाव कशाला चाटायचंय? सांगा ना! विचारा की काहीतरी, संघाचे सहसचिव ना तुम्ही!

गेले मी. हे कोर्टावर असताना, सकाळी नऊला. मी फक्त एवढंच सांगणार होते की साहेब, ह्यांना बोलवून दम द्या, म्हणजे हे गप्प बसतील, काढू मात्र नका. एवढंच. पण ते मेजरसाहेब एक प्रश्न विचारतात, मग दुसरा. कुठला दिवस? किती क्लब? आणि मग ते — पुढारी कोण. मी ह्यांचं नाव कसं घेऊ? देवाप्पाचं घेतलं. एकटा आहे, म्हटलं मनात, एक पोट आहे, कुठंही भरेल. एक पोट! त्याचं लग्न ठरलं होतं हो कार्तिकात. मला ठाऊक होतं. मी ठाऊक असून घेतलं. नोकरी गेली म्हटल्यावर मुलीकडचे फिरले. तो के. आर. पुरमला रेल्वेच्या यार्डात हमाली करतो आता, अजून तसाच आहे, एकटा. दर उगादीला कडुनिंब-गूळ घेऊन येतो. “अक्का, आधी तुम्ही घ्या,” म्हणतो. मी घेते. त्याच्या हातून घेते आणि खाते.

आणि तुमचे विश्वासराव! मेजरसाहेबांच्या खोलीतून मी बाहेर पडले तेव्हा ते व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं. नमस्कार केला. मी पदर ओढून निघून आले. संध्याकाळी देवाप्पाला काढलं. एवढं बघून न कळायला तो माणूस काय मूर्ख आहे? कळलं होतं त्यांना. पहिल्यापासून कळलं होतं.

महिन्यानं सभा झाली, कॉटनपेठेतल्या एका हॉलात. मी वही घेऊन कोपऱ्यात. हे उठले आणि भर सभेत विश्वासरावांना म्हणाले, चुगलखोर. म्हणाले, “तुम्ही आमच्या घरचं अन्न खाल्लंत आणि देवाप्पाच्या पोटावर पाय दिलात.” गळपट्टी धरली त्यांची. सगळे ओढायला धावले. आणि त्या माणसानं — दोन्ही हात असे खाली सोडलेले, गळ्याशी ह्यांची मूठ — त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. एवढंच. एक शब्द बोलायचा होता! ‘संताजी, घरी विचारा’ — झालं असतं. नाही बोलला. म्हणाला, “मला काही सांगायचं नाही.” लोक म्हणाले, संताजी, माफी माग नाहीतर संघ सोड. ह्यांनी सोडला. जो संघ काढला तोच सोडला, वही माझ्या हातातून घेतली आणि चालू पडले. शालन चालायला लागली त्या महिन्यात जिमखानाही सोडला. म्हणे, जिथून देवाप्पाला काढलं तिथलं पाणी नको. कुणी कळवळ्यानं उपकार करावा आणि तोंडातून काढू नये, तो उपकार आठ वर्षं कसा टोचतो माहीत आहे? शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते! मला शिव्या द्यायला पाहिजे होत्या त्यानं!

आता मागता वही? बघायची आहे? ही घ्या, बघा. नाही, पहिलं पान नको, ते सगळ्यांना आवडेल. शेवटचं. हे माझं अक्षर. वाचा. — ‘संताजीराव यांनी आरोप केला. विश्वासराव यांनी आरोप नाकारला नाही.’ — खोटं आहे का त्यात काही? अक्षर न् अक्षर खरं आहे. नाकारला नाहीच त्यांनी. त्या गोंधळात, लोक ओरडत असताना, लिहिलंय, तरी बघा, वेलांटी कशी गोल आली आहे. ह्यांना वाचता येत नाही. पण ही वही दिल्लीला गेली, तिथं कुणी वाचली, छापली — तो माणूस जन्माचा चुगलखोर ठरेल, आणि तरीही बोलणार नाही. बोलणार नाही हो तो! आणि न दिली वही, तर मुनियप्पाचं नाव कुठंच राहणार नाही. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. ते एका पानावर सोडून कुठं लिहिलेलंच नाही.

— काय म्हणालात? मी रविवारी ह्यांना पाठवावं? समारंभाला? तिथं देवाप्पालाही बोलावलंय? तिघं एका स्टेजवर. वा! आणि ते तिघं हार घालून एकमेकांना गळ्यात घेतील आणि मी खाली बसून टाळ्या वाजवू? तुम्हाला काय वाटतं, मला लाज नाही? — सांगा म्हणता. सोपं आहे तुमच्या तोंडात! अठ्ठावीस वर्षांचा संसार आहे माझा. ह्या माणसानं मला फार तर एकेरीत हाक मारली असेल, पण कधी आवाज चढवला नाही. तो उठून गेला तर? गेला नाही आणि बोललाच नाही तर? — तुम्ही सांगणार? खबरदार! तुम्ही एक अक्षर काढलंत तर ह्याच उंबऱ्यावर —

स्वल्प थांबा. सायकल वाजली का? — नाही, आज लवकर कसे? शाळेत परीक्षा, मुलं कमी आली असतील — हो, तेच आहेत. स्टँड लावताहेत. नळावर पाय धुतील आता.

पुस्तक, वही, जे काय आहे ते इथंच राहू द्या. उठा. — नाही, मागच्या दारानं कशाला जायचं? चोर आहात का तुम्ही? समोरून जा, नमस्कार करा, आणि नुसतं म्हणा, बाईंना तुमच्याशी बोलायचं आहे, मी उद्या येतो. एवढंच म्हणा. जास्त एक शब्द नाही. — काय बघता माझ्या तोंडाकडं? निघा! निघा म्हटलं ना!